वेलदोड्याच्या डब्यातली गोळी

मुरबाड,
शिमग्यानंतरचा बुधवार

भगीरथदादास,

साईनाथ मंडपवाल्याचा दोन्ही हात जोडून आणि एक कान धरून रामराम. (दोन्ही हात जोडल्यावर कान कुठल्या हाताने धरला, असं विचारू नकोस. पत्रात सगळं जमतं.) तुझी तब्येत कशी आहे? झारा फिरवून खांदा भरून आला होता, तो सुटला का? सकुवहिनींचे गुडघे काय म्हणतात? त्यांना तिळाचं तेल लावायला सांग, असं मी मागे म्हणालो होतो, पण माझा वैद्यकीय सल्ला इथून पुढे कुणीही ऐकू नये. का, ते पुढे कळेलच. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो.

पत्र बघून तू चक्रावला असशील. ज्या माणसाने जन्मात 'आमचे येथे खुर्च्या, कनाती व भांडी भाड्याने मिळतील' या पाटीपलीकडे काही लिहिलं नाही, तो पानंच्या पानं लिहायला बसला म्हणजे एक तर त्याची जमीन गेली असणार, नाहीतर अक्कल आली असणार. जमीन जागेवर आहे. पण तू फोन उचलत नाहीस, आणि तुझ्या पाड्यावर रेंज येते ती फक्त खडकावरच्या त्या जांभळीखाली. तिथे फोन कानाला लावणं म्हणजे ग्रामसभेत भाषण करण्यासारखं. त्यात तुमच्या पाड्यावरच्या लखमाच्या हाती तू निरोप पाठवलास की साईनाथला सांग, या लगीनसराईत दुसरा आचारी बघ. तो निरोप ऐकल्यापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही. (जाडी कमी झालेली नाही, पण उतरत नाही हे खरं.) म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितो. शेवटपर्यंत वाच. मग चुलीत घाल, अगदी घालच.

तर मूळ गोष्ट माझ्या हर्नियाची. किन्हवलीच्या लग्नात पोरं लोखंडी पाइप वेडेवाकडे उचलत होती. मी म्हटलं, थांबा, पाइप कसा उचलायचा असतो ते दाखवतो. दाखवला. पाइप कसा उचलू नये हे त्या दिवसापासून त्यांना कायमचं कळलं. मुरबाडच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं आणि त्याआधी रक्त तपासायला घेतलं. दोन दिवसांनी बोलावलं, दार लावून घेतलं आणि इतक्या हळू बोलायला लागले की मला वाटलं डॉक्टरांनाच काहीतरी झालंय. दादा, सरळ लिहितो, नाहीतर सगळं पत्र कनातीच्या बाहेरून चकरा मारत राहील. मला एचआयव्ही निघाला. कुठून आला, कधी आला, ते तुला लिहीत बसत नाही. दवाखान्यात जेवढं विचारलं तेवढं सांगितलं, आणि दिपालीने विचारलं तेव्हा मात्र सगळं सांगितलं, कारण तिचा तो हक्क होता. ती चार दिवस माझ्याशी बोलली नाही. मग तिचं रक्त तपासलं, ते चांगलं निघालं, तेव्हा मी परसात जाऊन पोटभर रडलो आणि आत येऊन सांगितलं की कांदा चिरत होतो. आमच्या घरात मी कांदा चिरल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. लेकीने, हर्षालीने तर मी खरंच चिरलाय का ते बघायला पाटावरचं फडकं उचललं.

डॉक्टर म्हणाले, सरकारी दवाखान्यात जा, औषधं तिथेच मिळतील, आणि चांगली मिळतील. आता मुरबाडात मला भटकी कुत्रीसुद्धा ओळखतात (पंगतीनंतर त्यांचं माझ्याशीच काम असतं). म्हणून मी डोकं चालवलं. मी डोकं चालवतो तेव्हा काय होतं हे तुला ठाऊक आहे, तरी ऐक. ठरवलं की शहापूरला जायचं. डोक्याला मफलर, डोळ्यांना काळा चष्मा, तोंडाला मास्क. भर उन्हात असा गुंडाळून स्टँडवर उभा राहिलो आणि धाऊची जीप पुढ्यात थांबली. धाऊने काचेतून एकदा बघितलं आणि म्हणाला, "काय साईनाथशेठ, आज कनात सोताच गुंडालली काय?" अख्खी जीप हसली. मी खोकून दाखवलं, तर धाऊने मला बरं नाही असं समजून पुढच्या सीटवर बसवलं, म्हणजे रस्त्यावरच्या ज्या लोकांना मी दिसलो नसतो त्यांनाही दिसलो.

शहापूरला कोण ओळखतंय, हा माझा हिशेब होता. दोन्ही तालुक्यांतले मांडव आपणच घातलेत, एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, माझा बैल तर गोठ्यातूनच बाहेर आला नव्हता. दवाखान्याच्या फाटकावर वॉचमन म्हणून कोण बसलेला? आपला कोंडू! त्याच्या मैनाच्या लग्नात आपला मांडव वाऱ्याने उडाला होता, तो कोंडू. त्याने लांबूनच आरोळी ठोकली, "अरं साईनाथशेठ, तुमी हतं? तो आमचा मांडव गावला का नाय अजून?" औषधाच्या रांगेतली सगळी माणसं माझ्याकडे वळली. मी पटकन म्हटलं, शिबिराच्या मांडवाची जागा बघायला आलोय. कुठलं शिबिर, ते मला माहीत नव्हतं, दवाखाना आहे म्हणजे कधीतरी शिबिर असेलच. तर मागून एक क्लार्क उठले आणि म्हणाले, बरं झालं स्वतःच आलात, पाडव्यानंतरच्या शिबिराला आम्ही मांडववाला शोधतच होतो. करायला गेलो गणपती, झाला मारुती. हर्निया सांभाळत भर दुपारी मी ते पटांगण मोजलं. टेपचं दुसरं टोक कोंडूने धरलं आणि मोजून होईपर्यंत मैनाच्या लग्नाची सगळी कथा पुन्हा सांगितली.

एवढं झाल्यावर कोपऱ्यातल्या खोलीत शिरलो. तिथे समुपदेशक आहेत, संजीवनी मॅडम. वय आपल्या हर्षालीहून थोडं जास्त असेल. मला वाटलं होतं की ही बाई आता माझ्या चारित्र्याचं कीर्तन लावणार. त्यांनी कसलंही कीर्तन लावलं नाही. साखरेचा किंवा थायरॉइडचा आजार सांगावा तसं सांगितलं की गोळी रोज, न चुकता, जन्मभर. घेतलीत तर म्हातारे व्हाल, नातवंडांचे मांडव घालाल. मी चष्मा काढला. (मफलर आधीच घामाने काढला होता.) मग म्हणाल्या, आणखी एक काम आहे, तुमची इच्छा असेल तरच. नव्याने आजार कळलेल्या माणसांचं थोडं जास्तीचं रक्त एका पाहणीसाठी घेतात. काही जणांच्या अंगातला विषाणू औषधाला पहिल्यापासूनच दाद देत नाही, अंगाला तेल चोपडून घेतल्यासारखं औषध नुसतंच निसटून जातं. असे किती आहेत ते कळलं तर आपल्या भागातल्या लोकांना कुठली औषधं लागू पडतील ते सरकारला ठरवता येतं. तुमचे उपचार त्यासाठी थांबणार नाहीत, आणि नाव कुठे जाणार नाही. मी म्हटलं, घ्या, हवं तेवढं घ्या. नाव जाणार नाही म्हटल्यावर माणूस फार उदार होतो.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला. यापूर्वी अशी औषधं कधी घेतलीत का, दुसरीकडे कुठे, दुसऱ्या नावाने, थोडी का होईना? मी छाती पुढे काढून सांगितलं, मॅडम, मी औषधाच्या वाऱ्याला उभा राहत नाही, डोकं दुखलं तर बाम चोळतो, हे शरीर काकवीवर पोसलंय. मॅडमनी 'नाही' असं लिहिलं. बोटाला टोचून एका जाड कार्डावर छापलेल्या गोल चौकटींत एकेक थेंब सोडला आणि ते वाळायला ठेवलं. लग्नाच्या पहिल्या पत्रिकेला आपण कुंकू लावून ठेवतो ना, अगदी तसं ते दिसत होतं. मला उगाच भरून आलं.

बाकीच्या तपासण्या आटोपल्यावर दुपारनंतर गोळ्यांची बाटली हातात आली. मॅडमनी एक गोळी तळहातावर काढून दाखवली. लांबट, पांढरी, एका अंगाला अक्षरं कोरलेली. आणि दादा, मी भर खोलीत ओरडलो, "ही तर आमच्या भ..." तिथेच जीभ चावली. मॅडमनी विचारलं, भ म्हणजे काय? मी म्हटलं, भलतीच ओळखीची दिसते. पण हात ऐकेना, मी ती गोळी नाकाला लावली. वास नव्हता. तुझ्या डब्यातल्या गोळीला वेलदोड्याचा वास यायचा.

तुझी प्रेशरची गोळी, दादा. तुझ्या मसाल्याच्या पेटीतल्या वेलदोड्याच्या डब्यात तू ठेवायचास ती. पंगती बसायच्या वेळी नवऱ्याची वरात अडकली, जनरेटर बंद पडला, हळदीच्या रात्री मटणावरून दोन वाड्यांची जुंपली, की माझं डोकं गरगरायचं आणि मी तुझ्या पेटीपाशी यायचो. दे रे दादा एक, तुझी गोळी मला लागू पडते. तू पहिल्यांदा म्हणाला होतास, "नको रे साईनाथ, एकाची गोली दुसऱ्याला चालत नाय." त्यावर मी भर स्वयंपाकाच्या तंबूत भाषण ठोकलं होतं की प्रेशर हे प्रेशर असतं, भात एका टोपातला खातो आणि गोळीला आपपरभाव कसला? तुझ्या हाताखालची माणसं हसत होती. तू डबा उघडलास. त्यानंतर तीन लगीनसराया तो डबा जणू माझाच होता. गोळी घेतली की दहा मिनिटांत माझं डोकं थांबायचं. (मॅडम म्हणतात, ही गोळी गरगरण्यावर चालत नाही. तो वेलदोड्याचा गुण, किंवा माझ्या मनाचा.)

कार्ड अजून वाळत होतं. मी म्हटलं, मॅडम, ते 'नाही' लिहिलंय ना, ते जरा खोडता का? मग सगळं सांगितलं, तुझं नाव सोडून. कुणाची गोळी विचारल्यावर म्हटलं, मांडवात पडलेली सापडायची. मॅडम म्हणाल्या, तीन वर्षं पडत होती? मी म्हटलं, आमच्या मांडवात फार गर्दी असते. आणखी कुणी घेतली का? आता इथे मला माझी दानत आठवली. बँडवाला रामू एकदा उन्हाने भेलकांडला होता, त्याला मी दिली होती. एका नवरीच्या मामालाही दिली होती, तो सारखा 'छातीत धडधडतं' म्हणत होता. मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग शांतपणे म्हणाल्या की एखाददुसऱ्या गोळीने त्या दोघांचं बहुतेक काही बिघडलेलं नाही, तरी शिबिरात तपासणीला आणा. आणि मला म्हणाल्या, बरं झालं बोललात, तुम्ही 'नवे' म्हणून गेला असतात तर आमची पाहणी चुकीची गोष्ट सांगत बसली असती. आजार कळायच्या आधीच त्यावरचं औषध सुरू करणारा, आणि तेही रोज घ्यायचं औषध फक्त वरात अडकली की घेणारा, असा त्यांना मी पहिलाच भेटलो. अशा तुटक घेण्यानेच विषाणू शहाणा होतो म्हणाल्या. म्हणजे माझ्या सहवासात राहून शहाणा झालेला आजवरचा तो एकटाच.

मी हसून घेतलं. मग त्यांनी पुढचं सांगितलं, आणि माझं हसू आटलं. म्हणाल्या, तुमची काळजी आम्ही घेऊ, औषध लागू पडतंय की नाही ते तपासून कळेल, नाही पडलं तर बदलता येतं. पण ती गोळी ज्याची होती, त्या माणसाला महिन्याच्या मोजून गोळ्या मिळतात. तुम्ही खाल्लीत ती त्याच्या वाट्याची. त्याचे तेवढे दिवस कोरडे गेले. त्याच्या अंगातला विषाणू आता काय शिकून बसलाय, ते बघायला हवं.

दादा, तिथे मला महिनाअखेरीचा तू आठवलास. वैशाखात हमखास म्हणायचास, "गोल्या सरल्या रे." आणि मी तुला झापायचो की स्वतःच्या तब्येतीची एवढी हेळसांड बरी नव्हे, वेळेवर आणून ठेवाव्यात! वर मुरबाडचं एक औषधाचं दुकानही सुचवलं होतं. तू मान हलवायचास आणि कढईकडे वळायचास. मी तुझं आयुष्य खात होतो आणि तुलाच शिस्त शिकवत होतो. आणि तू का दिलीस तेही त्या खोलीत बसल्या बसल्या कळलं. नाही म्हणाला असतास तर मी कारण विचारलं असतं, चारचौघांत, मोठ्याने, आणि मग कुणी तुझ्या हातचं वरण ताटात घेतलं नसतं. मला त्या खुर्चीत इतकी लाज वाटली की चष्मा परत घातला.

मी मॅडमना सहज म्हणून विचारलं, समजा एखादा आचारी असला, त्याला हा आजार असला, तर त्याच्या हातचं खाऊन... त्या माझ्याकडे टक लावून बघत म्हणाल्या, रांधलेलं खाऊन हे कुणाला होत नाही, तुमच्या त्या समजा असलेल्या आचाऱ्याला बिनधास्त रांधू द्या, फक्त गोळ्या वाटू नका म्हणावं.

आता तो फोन. खोलीबाहेर आलो तो असा उचंबळलेला की पहिला तुलाच लावला. डोक्यात एकच की दादाला धीर द्यावा, तू एकटा नाहीस हे कळवावं. आणि तोंडातून काय बाहेर पडलं? "दादा, तुझी प्रेशरची गोळी सापडली! सरकारातनं फुकट मिळते! मलाही चालू झाली!" तू जांभळीखाली उभा, माझा आवाज असा की फोन नसता तरी तुमच्या डोळखांबपर्यंत आला असता. तू "बरं" म्हणालास आणि फोन ठेवलास. तो आजतागायत उचललेला नाहीस. मला वाटलं मी मलम लावलं, आणि मी जखमेवर आख्खी मिठाची गोण ओतली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण दादा, मी लखमाकडून काढून घेतलंय (सरळ विचारलं नाही, घाबरू नकोस, फार वाकडं विचारलं): पाड्यावर सगळ्यांना एवढंच समजलंय की साईनाथला प्रेशर झालं आणि गोळी फुकट मिळते. दोन म्हाताऱ्या तर त्या गोळीची चौकशी करत होत्या. तुझी मूठ झाकलेलीच आहे. ती उघडणारं तोंड फक्त माझं होतं, आणि दिपालीने ते शिवायचं मनावर घेतलंय.

पाकीट मंडपाच्या चिकटपट्टीने सगळीकडून बंद केलंय. उघडताना कोयता वापर. सकुवहिनींना नमस्कार, पाड्यावरच्या लहानग्यांना आशीर्वाद.

तुझ्या डब्यातलं खाऊन वाढलेला,
साईनाथ

ता. क. – शिबिराच्या मांडवाचं काम मलाच मिळालं. दीडेकशे माणसांची डाळखिचडी करायची आहे. क्लार्कसाहेबांना मी सांगून बसलोय की आचारी आमचा आहे, मोठा नामी आहे. आता तू आला नाहीस तर खिचडी मी करीन, आणि आजारी पडणाऱ्यांना शिबिर पुरणार नाही. लोकांच्या जिवासाठी ये.

ता. क. २ – वरचा ताजा कलम खिचडीचा होता, खरा हा. मी संजीवनी मॅडमना सांगून ठेवलंय की एक माणूस येईल. नाव सांगितलेलं नाही. त्या म्हणाल्या, त्यांनी कुठून औषध घेतलं, किती चुकवलं, काही रागावणार नाही, फक्त रक्त बघू आणि लागली तर गोळी बदलू, पण उशीर नको. दादा, उशीर नको. शिबिरापर्यंतही थांबू नकोस. या सोमवारी धाऊच्या जीपने किन्हवलीला उतर, मी तिथे उभा असेन. (मफलर नाही.) फाटकावर कोंडू विचारेल, त्याला सांगू की मांडववाला आणि आचारी पटांगण बघायला आलेत. तू आत जाशील तेव्हा मी बाहेर बाकावर बसेन आणि कोंडूकडून मैनाचं लग्न ऐकत राहीन. तुझ्यासाठी एवढं सोसायला मी तयार आहे.

ता. क. ३ – हे दिपाली लिहायला लावतेय, माझ्या मागे उभी आहे. ती म्हणते, भावोजींना सांगा, वैशाखात आमच्या हर्षालीचं लग्न आहे. तांदूळ भरलेत, मांडव घरचा आहे, पण वरण-भात दुसऱ्या कुणी केला तर मुलीची आई पंगतीला बसणार नाही. तुम्ही पहिलं ताट वाढायचं ते मला. आणि माझ्याकडे बघून म्हणाली, तुम्ही आता तरी दुसऱ्याच्या डब्यातलं खायचं बंद करा.

माझी बाटली माझ्या उशाशी आहे, दादा. तुझा डबा तुझ्यापाशी ठेव. पुन्हा मागितलाच, तर झाऱ्याने हाण, पण दुसरा आचारी बघ असं म्हणू नकोस.